मिटिंग झाली, यादी झाली, पुढं काय?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये चार पत्रं जवळजवळ एकाच दुखण्याची आहेत. कामाची पद्धत सुधारायचीये, टीमला सोबत घ्यायचंय, पण मिटिंगच्या पुढं काही सरकत नाही. धंदे एकदम वेगळे, लातूरची दाळ मिल, वाळूजचं मशीनशॉप, धाराशिव जिल्ह्यातलं सरकारी ऑफिस आणि वसमतची शेतकरी कंपनी, तरी एकत्रच घेतलीत कारण एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही कामाचं आहे. जागेसाठी पत्रं थोडी कमी केलीत, भाषा ज्याची त्याची ठेवलीये.

प्रश्न: नमस्कार सर, मी लातूरला एमआयडीसीत एका दाळ मिलमध्ये डिस्पॅच बघतो. गाड्या सकाळीच येऊन लागतात आणि निघायला रात्रीचे नऊ-दहा वाजायलेत. ड्रायव्हर लोक वैतागलेत, ट्रान्सपोर्टवाला थांबल्याचे पैसे मागायलाय. मालक म्हणाले टीमला घेऊन बस आणि काय सुधारणा करायची त्याचा प्लॅन कर. मी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं, मुकादम, वजनकाट्यावरचा पोरगा, बिलिंगची ताई, पॅकिंगचे दोघं, मालकपण बसले. मीच बोलत होतो, बाकीचे नुसती मान हलवायले. शेवटी मीच वीस-बावीस पॉइंटची यादी केली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी अंगठा दिला अन् दुसऱ्या दिवसापासून परत तेच. माणसं बोलतच नसतील तर सुधारणा करायची कशी? — एक वाचक, लातूर

उत्तर: दादा, माणसं बोलली नाहीत हे तुम्ही बघितलं, पण ती कुठं बसली होती तेही बघा की. मालकांची केबिन, मालक समोर, आणि विषय काय तर गाडीला उशीर का होतो, म्हणजे मुकादमाच्या कानाला ते असंच ऐकू जाणार की चूक कुणाची ते सांग. तिथं कोण बोलेल? तोच मुकादम बाहेर टपरीवर चहा पिताना तुम्हाला अर्धा तास सांगेल की मार्का मारलेले कट्टे वेळेवर येत नाहीत, एका गाडीत तीन पार्ट्यांचा माल असला की कुठला आधी भरायचा ते कुणी सांगत नाही, आणि गाडी भरून झाली की नेमकी काट्यावर दुसरीच उभी असते. माहिती सगळी आहे, ती केबिनमध्ये येत नाही एवढंच.

म्हणून पुढची मिटिंग लगेच घेऊ नका. आधी आठवडाभर गाडीचा कागद चालवा. गेटवर गाडी आली की एक साधा कागद ड्रायव्हरच्या हातात किंवा पुढच्या काचेला लावून द्यायचा, त्यावर फक्त वेळा लिहायच्या, गेटमधून आत कधी, रिकाम्या गाडीचं वजन कधी, भरती सुरू कधी, भरती संपली कधी, भरलेल्या गाडीचं वजन कधी, बिल आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) हातात कधी, ताडपत्री बांधून गेटबाहेर कधी. ज्या जागी गाडी आहे तिथल्या माणसानं लिहायचं, आणि कागदावर कुणाचंही नाव येऊ द्यायचं नाही, नाव आलं की लोक वेळा खोट्या लिहायला लागतात आणि मग तो कागद काहीच कामाचा राहत नाही. आठवड्यानंतर हे सगळे कागद शेजारी शेजारी लावून बघा. काम चालू असलेला वेळ किती आणि गाडी नुसती उभी असलेला वेळ किती हे वेगळं काढा. वीस टनाची गाडी म्हणजे पन्नास किलोचे चारशे कट्टे, ते भरायला जो वेळ लागतो तो लागतोच, त्यात फार काही कापता येत नाही. पण भरतीच्या आधीचा आणि नंतरचा थांबलेला वेळ भरतीपेक्षा मोठा निघाला तर मला अजिबात नवल वाटणार नाही, बहुतेक ठिकाणी तसंच असतं, आणि तरी ओरडा मात्र हमालांवरच होतो कारण डोळ्यांना दिसणारं काम त्यांचंच असतं.

इथं एक हिशोब सांगतो, फार कामाचा आहे. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ ला तो गणितानं सिद्ध केला, रांगेच्या शास्त्रात आजही त्याच्याच नावानं ओळखतात. तासाला किती गाड्या येतात आणि एक गाडी सरासरी किती तास आत थांबते, या दोन आकड्यांचा गुणाकार केला की सरासरी किती गाड्या तुमच्या आवारात उभ्या राहणार ते कळतं. समजा तासाला दोन गाड्या येतात आणि प्रत्येक चार तास थांबते, तर आत आठ गाड्या असणारच, मग तुम्ही कितीही शिट्ट्या मारा. आवारात जागाच पाचची असेल तर उरलेल्या तीन रस्त्यावर, आणि आतली गाडी वळवायलाही जागा राहत नाही म्हणून अजून उशीर. सगळ्या गाड्या सकाळी आठलाच बोलावून घ्यायची जी सवय असते ना, की आपल्या हाताशी असलेल्या बऱ्या, तीच गर्दी वाढवते. तुमच्याकडं नेमकं हेच आहे का ते मला इथून सांगता येणार नाही, कागद सांगेल.

आता मिटिंग. केबिनमध्ये नको, भरतीच्या जागेवरच घ्या, सावलीत, शिफ्टच्या वेळेत. जेवणाच्या सुट्टीत किंवा काम संपल्यावर थांबवून ठेवलं तर माणसाचं सगळं लक्ष घराकडं. आणि एक गोष्ट आधी समजून घ्या, हमालांची मजुरी कट्ट्यावर असते, त्यामुळं ते तुमच्या मिटिंगला अर्धा तास बसले तर तो अर्धा तास त्यांच्या खिशातून जातो. तेवढ्या वेळाचे पैसे मालकांकडून आधीच कबूल करून घ्या आणि सगळ्यांसमोर सांगा. याच्यानं जे वातावरण बदलतं ते कुठल्याही भाषणानं बदलत नाही. हमालीच्या दराचा विषय मात्र या बैठकीत ओढू नका, आपल्याकडं १९६९ चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, दराची बोलणी त्या वाटेनं व्हायची. पण गाडी लवकर भरून लवकर निघाली तर त्याच दिवसात अजून एक गाडी भरता येते, म्हणजे थांबलेला वेळ कमी होणं हमालांच्याही फायद्याचं आहे, हे मात्र जरूर बोला.

मालकांना सुरुवातीला येऊ नका म्हणायचं धाडस तुम्हालाच करावं लागेल. त्यांना नीट समजावून सांगा की पहिली वीस मिनिटं आम्ही बसतो, शेवटची दहा मिनिटं तुम्ही या, आम्ही काय ठरवलं ते मुकादमच सांगतील आणि तुमच्याकडून काय लागेल तेही सांगतील. बरेच मालक ऐकतात, त्यांनाही गाडी वेळेत गेलेलीच पाहिजे असते.

बैठकीत गाडीचे कागद भिंतीवर चिकटवा आणि एकच गोष्ट विचारा, या आठवड्यात तुम्हाला हात बांधून कुठं कुठं उभं राहावं लागलं? चूक कुणाची हे विचारायचंच नाही. एकेकाला आळीपाळीनं बोलू द्या, काट्यावरच्या पोरापासून सुरुवात करा, वयानं लहान असलेला आधी बोलला पाहिजे, मुकादम आधी बोलला तर पोरगा त्याचीच री ओढणार. लिहायला बिलिंगच्या ताईला सांगा, तुम्ही लिहायला बसलात की परत तुमचीच यादी तयार होते, लोक सांगतात एक आणि आपण लिहितो आपल्या मनातलं.

मग त्यातली एक गोष्ट निवडा. एकच. तुमच्या बावीस पॉइंटचं जे झालं ते यामुळंच झालं की बावीस गोष्टी म्हणजे कुणाचीच नाही. ज्यानं गाडी सगळ्यात जास्त थांबते आणि जी आपल्या हातात आहे अशी एक घ्या. उदाहरणार्थ कागदात असं दिसलं की भरती संपल्यावर बिलाला वेळ जातो, कारण कट्ट्यांचा पक्का आकडा ताईला तेव्हाच कळतो, तर ठरवा की भरती अर्धी झाली की मुकादमाकडचा माणूस पार्टीप्रमाणे आकडा ताईला कळवेल, ती बिल तयार करून ठेवेल, वजन आलं की फक्त आकडा बघून प्रिंट. एवढंच. कोण कळवणार, कसं कळवणार, ताई सुट्टीवर असली तर कोण, आणि दोन आठवड्यांनी गाडीच्या कागदावर काय बदललेलं दिसलं पाहिजे, हे चार ओळीत फळ्यावर. बाकीचे एकवीस पॉइंट फाडून टाकू नका, बाजूला लावून ठेवा, त्यांचा नंबर येईल असं सांगा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी हे पत्र मी आधी घेतलं. दोन आठवड्यांनी परत बसायचंच. तारीख त्याच दिवशी ठरवा, फळ्यावर लिहा, आणि बघून ठरवा, येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, आसपासची तारीख दिलीत तर निम्मी माणसं शेतात असणार आणि असायलाच पाहिजेत. त्या बैठकीत आधी हेच सांगायचं की मागच्या वेळी जे ठरलं त्याचं काय झालं. झालं तर किती फरक पडला, नाही झालं तर का नाही झालं, माझ्याकडून राहिलं असेल तर माझ्याकडून राहिलं. लोकांचा विश्वास मिटिंगवर बसत नसतो, आपण बोललो त्याचं पुढं काहीतरी झालं हे दिसल्यावर बसतो, आणि तो बसला की तुम्हाला बोलतं करावं लागत नाही, मग ते थांबत नाहीत. करून बघितलेलं चाललं नाही तर सरळ काढून टाका, जुन्या पद्धतीवर जा, दुसरी गोष्ट घ्या. चालत नाही तेही कळणं कामाचंच आहे.

प्रश्न: मी वाळूज एमआयडीसीत एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला टीम लीडर आहे. आमच्या कस्टमरचं ऑडिट असतं त्यात कायझन, म्हणजे कामातल्या छोट्या छोट्या सुधारणा, किती झाले ते विचारतात, म्हणून वरून टार्गेट आलंय की प्रत्येकानं महिन्याला दोन कायझन द्यायचे. आता लोक काहीही लिहून देतात, बोर्ड साफ केला, बाटली जागेवर ठेवली, आधी-नंतरचे फोटोपण एकाच दिवशी काढलेले असतात. मला माहितीये हे खरं नाही पण सही मीच करते. खरी सुधारणा कशी करून घेऊ? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: ताई, सही करताना तुम्हाला खटकतं हेच चांगलं लक्षण आहे, बऱ्याच जणांना ते खटकायचंही बंद झालेलं असतं.

टार्गेट आकड्याचं दिलं की आकडा येतो, सुधारणा येईलच असं नाही. डॉ. डेमिंग, ज्यांनी १९५० मध्ये जपानला जाऊन तिथल्या कंपन्यांना क्वालिटीचे धडे दिले, त्यांच्या चौदा मुद्द्यांमध्ये दोन गोष्टी अगदी स्पष्ट आहेत, कामावरची भीती घालवा आणि आकड्यांचे कोटे काढून टाका. तुमच्याकडं दोन्ही एकत्र आलंय, कोटा आहे म्हणून भीती आणि भीती आहे म्हणून खोटे फोटो. आणि गंमत म्हणजे ज्या टोयोटाचं नाव घेऊन हे सगळं चालतं तिथं कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ पासून आहे, ती टिकली कारण सूचना देणाऱ्याला उत्तर मिळतं आणि सुधारणा करताना त्याचा सुपरवायझर त्याच्या सोबत उभा असतो.

तुम्ही टार्गेट बदलू शकणार नाही हे मला कळतं, ते तुमच्या हातात नाही. पण तुमच्या लाइनवर काय होतं ते बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. दोनाचा आकडा जाऊ द्या वर जसा जातो तसा, तुम्ही टीमला एवढं सांगा की या महिन्यात आपण सगळे मिळून एकाच रिजेक्शनच्या मागं लागणार. मागच्या महिन्याचं रिजेक्शन काढा, कारणाप्रमाणे मोजा, ज्या कारणाचा आकडा सगळ्यात मोठा येईल ते घ्या.

समजा होलला बर येतोय, म्हणजे कडेला धातूची बारीक धार राहतेय. नेहमी आपण काय लिहितो, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, आणि फाइल बंद. त्याऐवजी का का विचारत खाली जा. बर का आला, ड्रिल झिजलेलं होतं. झिजलेलं का वापरलं, बदलायची वेळ कधी झाली ते कळत नव्हतं, किती पीस झाले ते मोजतच नाही. बरं, ऑपरेटरला हाताला जाणवलं होतं तरी त्यानं का नाही बदललं, स्टोअरमधून नवीन ड्रिल घ्यायला इन्चार्जची सही लागते. मग सही का नाही घेतली, थर्ड शिफ्टला इन्चार्ज नसतोच. आता बघा, ऑपरेटरला ट्रेनिंग देऊन याच्यातलं काय सुधारणार होतं? पाच ड्रिल लाइनवरच कुलपात ठेवा, चावी शिफ्टच्या सिनियर ऑपरेटरकडं, जुनं ड्रिल दिल्याशिवाय नवीन नाही, आणि पीस मोजायला काउंटर. का-का विचारताना उत्तर माणसाच्या चुकीवर येऊन थांबलं तर समजायचं की अजून एक का विचारायचा राहिलाय, हा नियम मी तरी कधी मोडत नाही.

दुसरं, टीमकडून आलेल्या प्रत्येक सूचनेला आठ दिवसांत उत्तर द्या. हो, नाही, किंवा विचारून सांगते, पण उत्तर. नाही असेल तर कारण त्या माणसाला त्याच्या मशीनपाशी जाऊन सांगा, नोटीस बोर्डावर नको. आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना यातून वगळू नका, तुमच्या लाइनवर निम्मी तीच असणार, कार्डचा रंग वेगळा असला म्हणून त्यांना बर दिसत नाही असं थोडंच आहे. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा प्लांट आला आणि त्याच्या आजूबाजूला छोटे छोटे व्हेंडर उभे राहिले, त्या काळापासून इथली पोरं मशीनला कान लावून काय बिघडलंय ते सांगत आलीत. तेवढी समज फोटो काढण्यात वाया चाललीये याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऑडिटला काय दाखवायचं हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. एकच काम दाखवा पण पूर्ण, आधी काय होतं, का झालं, काय बदललं, महिनाभरानं आकडा काय झाला, आणि बदल टिकवायला कुठल्या चेकशीटमध्ये लिहिलं. योजना, करणं, तपासणं आणि पक्कं करणं, पीडीसीए म्हणतात ते एवढंच आहे, त्यातली तिसरी पायरी बहुतेक फायलींमध्ये कोरी असते. ज्या ऑडिटरला काम कळतं तो असं एक पान बघून पुढचे चाळीस फोटो मागत नाही.

प्रश्न: मी धाराशिव जिल्ह्यात एका तालुक्याच्या ऑफिसला क्लार्क आहे, दाखल्यांचं काम बघतो. जून-जुलैत ॲडमिशनच्या वेळी उत्पन्नाचे, नॉन-क्रिमिलेयरचे एवढे अर्ज येतात की रात्री आठपर्यंत बसावं लागतं. साहेब म्हणतात सगळे मिळून काहीतरी सुधारणा सुचवा. पण आमच्या हातात काय आहे? नियम वरून, सॉफ्टवेअर वरून, माणसं कमी. — एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर: भाऊ, नियम तुमच्या हातात नाहीत, माणसं वाढवणं तर नाहीच, मान्य. पण एक गोष्ट आहे आणि ती मोठी आहे. परत गेलेले अर्ज.

त्रुटी काढून परत पाठवलेला प्रत्येक अर्ज तुमच्या टेबलावर दोनदा येतो, कधी तीनदा. तुम्ही, शेजारच्या टेबलावरच्या मॅडम, सेतूवाला पोरगा आणि ज्यांची शेवटची सही होते ते, सगळ्यांचं काम त्यात दुप्पट होतं. आणि तिकडं भूम-परंड्याच्या एखाद्या वाडीवरनं आलेल्या बापाचा एक दिवसाचा रोज आणि एसटीचं तिकीट जातं, ते कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही पण ते खरं आहे. तर महिनाभर फक्त एवढं करा, अर्ज परत गेला की एका वहीत कारणाच्या नावापुढं एक रेघ मारा. तलाठ्याचा अहवाल नाही, नॉन-क्रिमिलेयरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा पाहिजे तिथं एकाच वर्षाचा जोडलाय, नावातलं स्पेलिंग आधारवर वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळं, स्कॅन वाचता येत नाही. महिन्याच्या शेवटी रेघा मोजल्या की दोन-तीन कारणांनीच बहुतेक पान भरलेलं दिसेल.

मग सेतूवाल्याला बोलवा, आणि हे माझं ठाम मत आहे की त्याच्याशिवाय ही बैठक घेऊच नका, कारण अर्ज तिथं तयार होतो, तुमच्याकडं फक्त येतो. तो बाहेरचा माणूस म्हणून त्याला कधी कुणी विचारत नाही. त्या दोन-तीन कारणांवरच बोला. सेतूच्या खिडकीबाहेर मोठ्या अक्षरात सोप्या मराठीत कागदांची यादी, आणि ती यादी एखाद्या पालकाला वाचायला देऊन बघा, त्याला कळली तरच लावा. स्कॅन करताना पोरानं मोठं करून बघायचं, मगच अपलोड. स्पेलिंगचा फरक असेल तर काय जोडायचं हे साहेबांकडून एकदाच पक्कं करून घ्यायचं, म्हणजे तुम्ही एक म्हणता आणि मॅडम दुसरं म्हणतात असं होणार नाही, लोकांचे सगळ्यात जास्त हेलपाटे अशा फरकानंच होतात.

अजून एक, मेमध्येच गावागावातल्या शाळांना, ग्रामपंचायतींना सांगून ठेवा की बारावीच्या पोरांचे अर्ज ॲडमिशनची वाट न बघता आत्ताच भरा. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, ती तुमच्यावर टांगलेली वाटते हे मला माहितीये. पण साहेबांसमोर माणसं वाढवून मागायला जाल तेव्हा तीच मुदत आणि तुमची ती रेघांची वही या दोन गोष्टी सोबत न्या. आधी आम्ही एवढे परत जाणारे अर्ज कमी केले, आता जे उरलंय त्याला खरोखरच माणूस लागतो, असं सांगितलं की ऐकणाऱ्यालाही वर काही लिहिता येतं.

प्रश्न: मी २७ वर्षांचा आहे, वसमत भागात एका शेतकरी उत्पादक कंपनीचा मॅनेजर आहे. हळदीच्या सीझनला खरेदीत फार गोंधळ होतो, ओलाव्यावरून भांडणं, कांडी (लांब हळकुंड) अन् गट्टू (गोल गड्डा) वेगळे करण्यावरून भांडणं, पेमेंटला उशीर. पद्धत बदलायची म्हणलं तर संचालक सगळे काका-मामाच्या वयाचे, गावातलेच, नात्यातले. मी बोलायला लागलो की तू कालचं पोरगं म्हणून गप करायलेत. — एक वाचक, वसमत

उत्तर: काका-मामांना पद्धत चुकीची आहे असं सांगत बसू नका, ती पद्धत त्यांनीच उभी केलीये आणि त्यांच्या काळात ती चाललीही. त्यांना विचारा. एकेकाच्या घरी जा, बैठकीच्या आधी, चहा घ्या आणि मागच्या सीझनला कुणाकुणाचं भांडण झालं, कशावरून झालं, मिटलं कसं, हे ऐकून घ्या आणि त्यांच्यादेखत लिहून घ्या. ज्या संचालकानं दहा भांडणं मिटवलीत त्याला ओलाव्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे, हे मनापासून मानूनच जा, दाखवायला म्हणून नको.

मग बैठकीत स्वतःचा प्लॅन मांडूच नका. त्यांनी सांगितलेलंच मांडा, अमुक काका म्हणाले की शेतकऱ्यासमोर ओलावा मोजला तर भांडण होत नाही, तमुक मामा म्हणाले की पोत्याच्या वरनं नमुना घेतला की खालचा माल ओला निघतो. त्यातून एकच गोष्ट एका खरेदी दिवसापुरती करून बघू असं म्हणा, पूर्ण सीझनसाठी म्हणलं की घाबरतात, एका दिवसाला कुणी नाही म्हणत नाही. समजा ठरलं की नमुना पोत्याच्या वरून, मधून, खालून घ्यायचा, शेतकऱ्याच्या समोर मोजायचा, आकडा पावतीवर लिहायचा आणि त्याची सही घ्यायची. जो काका सगळ्यात जास्त विरोधात असेल त्यालाच त्या दिवशी काट्यापाशी बसवा, मोजणी त्याच्या नजरेखाली होऊ द्या. संध्याकाळी तो स्वतः काय सांगतो ते बाकीचे संचालक ऐकतील, तुमचं ऐकण्यापेक्षा लवकर.

पेमेंटचं वेगळं ठेवा, ते या बैठकीत घालू नका. पैसे बँकेतून कधी सुटतात, माल पुढं विकून पैसे कधी येतात, याच्यावर ते आहे आणि ते संचालकांशी नाही तर सीएशी आणि बँकेच्या मॅनेजरशी बसून सोडवायचं काम आहे. तोपर्यंत एवढं करता येईल की पावतीवर पैसे कुठल्या तारखेपर्यंत मिळतील ते लिहून द्यायचं, आणि ती तारीख हुकणार असेल तर शेतकऱ्याचा फोन यायच्या आधी आपण करायचा. वसमतच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, बाहेरचे व्यापारी आता नाव घेऊन माल मागतात, अशा वेळी खरेदीचा आकडा चोख असणं कंपनीला फार उपयोगी पडणार आहे. आणि ओलावा मोजायचं मशीन सीझन सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या, त्याला कुठली बैठक लागत नाही, ते मॅनेजर म्हणून तुमचंच काम आहे.